हेडलाइट बदलण्याआधी चार्ल्स केटरिंगची गोष्ट वाचा

कापसाच्या दिवसांत रात्री यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालात, तर बोरी अरबच्या आसपास गाडी चालवणं म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. पुढे मागचा दिवा नसलेली बैलगाडी किंवा कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली. समोरून पांढराफक्क एलईडी मारत येणारी बाइक. पहिली गोष्ट दिसत नाही आणि दुसरी काही दिसू देत नाही.

मग आपण मोबाइल काढतो आणि जास्त उजेडाचा बल्ब शोधतो. कोणी बुलेटसाठी शोधतो, कोणी घरच्या जुन्या जीपसाठी. मुंबई-पुण्याकडचे जुन्या गाड्यांचे शौकीन साठ वर्षांपूर्वीच्या एमजी स्पोर्ट्स कारसाठी हेच शोधत असतात. गंमत म्हणजे एमजी बी, जुनी जीप आणि बुलेट या तिघींच्या तोंडावर साधारण सात इंचांचा तोच गोल दिवा असतो. प्रश्नही तिघांचा एकच: नुसता बल्ब बदलला की उजेड वाढतो का?

या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. चार्ल्स केटरिंग. गाडीच्या दिव्यामागे बॅटरी आणि ती चार्ज करणारी यंत्रणा कायमची बसवण्यात ज्यांचा सर्वात मोठा वाटा, त्यांतला हा माणूस. आणि त्याचे स्वतःचे डोळे जन्मभर कमजोर होते.

डोळे साथ देईनात

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लाउडनविल नावाच्या गावाजवळ त्याच्या घरची शेती होती. शेतावरची कामं, गावची शाळा, मग काही वर्षं खेड्यातल्या शाळेत मास्तरकी. पुढे शिकायची इच्छा होती, पण थोडा वेळ पुस्तकात डोकं घातलं की डोळे दुखायचे आणि डोकं ठणकायचं.

ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, पण डोळ्यांमुळे शिक्षण मध्येच सोडावं लागलं. इंजिनिअरिंग सोडून घरी परतलेल्या मुलाकडे गाव कसं बघतं हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. केटरिंगने टेलिफोनचं काम धरलं. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा ओढायच्या. उघड्यावरच्या या कामात डोळ्यांना विश्रांती मिळाली आणि वीज हाताखाली आली. याच काळात त्याची ऑलिव्ह विल्यम्सशी ओळख झाली. पुढे दोघांचं लग्न झालं.

तब्येत सावरल्यावर तो पुन्हा कॉलेजात गेला. सोबतची मुलं पुस्तक मोठ्याने वाचायची आणि हा ऐकून लक्षात ठेवायचा. अशा रीतीने १९०४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी मिळाली. वर्गातले बहुतेक जण त्याच्यापेक्षा लहान होते, पण खांबावर चढून तार जोडलेला इंजिनिअर त्यांच्यात क्वचितच असेल.

गल्ल्याच्या मशिनमधला धडा

पहिली मोठी नोकरी डेटन शहरात, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातलं गल्ल्याचं मशिन तेव्हा हाताने दांडा फिरवून चालवायचे. केटरिंगला त्याला विजेची मोटर बसवायची होती.

अडचण अशी की गल्ला उघडायला जोराचा झटका लागतो, आणि तेवढ्या ताकदीची नेहमीची मोटर घेतली तर ती मशिनपेक्षा मोठी व्हायची. केटरिंगने विचार केला की ही मोटर दिवसभर थोडीच फिरणार आहे? तिला एका क्षणापुरतं काम करायचं आहे, मग बराच वेळ आराम. क्षणभर जास्त करंट सोसणारी छोटी मोटर पुरे. मोटर जळते ती उष्णतेने, आणि तेवढ्या वेळात ती फारशी तापतच नाही.

हे तुमच्या फोनमध्येही आहे. कॅमेऱ्याचा फ्लॅश आणि टॉर्च यांची एलईडी एकच असते. फोटो काढताना ती क्षणभर खूप जास्त करंट घेते आणि लख्ख पेटते. टॉर्च म्हणून तासभर लावली की फोन तिला बराच कमी करंट देतो, नाहीतर ती जळून जाईल.

गल्ल्याच्या मशिनमधला हाच धडा पुढे गाडीत कामी आला.

गोठ्यातली टोळी

एडवर्ड डीड्स हा त्याच कंपनीतला अधिकारी. त्याच्या घरामागे गोठ्यासारखी एक लाकडी इमारत होती. नोकरी संपली की केटरिंग आणि त्याचे सोबती तिथे जमायचे आणि रात्री उशिरापर्यंत मोटारगाडीच्या विजेवर काम करायचे. लोकांनी त्यांना गोठ्यातली टोळी असंच नाव पाडलं. आजच्या भाषेत हे गॅरेज स्टार्टअप झालं, फक्त साल होतं १९०९.

पहिली वस्तू होती इग्निशन, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रणा. ती कॅडिलॅक कंपनीचा प्रमुख हेन्री लीलँड याला पसंत पडली आणि त्याने ८,००० नगांची ऑर्डर दिली. टोळीला कंपनी काढावीच लागली. डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, तिच्याच आद्याक्षरांतून डेल्को हे नाव आलं.

हँडलचा तडाखा

तेव्हाची गाडी चालू करायची म्हणजे पुढे उभं राहून लोखंडी हँडल फिरवायचं. आपल्याकडे डिझेल इंजिनच्या पंपाला असं हँडल मारलेली माणसं अजून गावोगावी आहेत, त्यांना विचारा. ठिणगी चुकीच्या वेळी पडली तर हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडतं. बायरन कार्टर नावाच्या मोटार कारखानदाराचा १९०८ मध्ये मृत्यू झाला. रस्त्यात बंद पडलेली एक कॅडिलॅक चालू करून देताना हँडल जबड्यावर बसलं आणि त्यातूनच तो गेला, अशी हकिगत सांगतात. कार्टर हा लीलँडचा मित्र. हँडल काढून टाकायचं असं लीलँडने तेव्हा मनावर घेतलं म्हणतात.

इंजिन फिरवायला विजेची मोटर वापरायची तर ती इंजिनाएवढीच मोठी हवी, असं अनेक जाणकारांचं मत होतं. केटरिंगकडे गल्ल्याच्या मशिनचा अनुभव होता. इंजिनाला सुरुवातीचे काही सेकंदच ढकलायचं असतं. १९११ मध्ये त्याने कॅडिलॅकवर स्टार्टर बसवून दाखवला आणि १९१२ च्या मॉडेलमध्ये तो कंपनीतूनच बसून आला.

बहुतेक लोकांना केटरिंग आठवतो तो या स्टार्टरमुळे. दिव्यांची गोष्ट त्याच्या आड लपून राहते.

कार्बाइडचा दिवा ते बॅटरीचा दिवा

त्याआधी गाडीचे हेडलाइट बहुतेक गॅसवर चालायचे. आंबे पिकवायला चोरून वापरतात म्हणून ज्याच्या बातम्या येतात ते कार्बाइड आठवा. त्यावर पाण्याचे थेंब पडले की अॅसिटिलिन वायू निघतो आणि तो पांढऱ्या ज्योतीने जळतो. दिवा लावायला गाडी थांबवायची, खाली उतरायचं, काडी ओढायची. पावसात किंवा जोराच्या वाऱ्यात काय होत असेल याची कल्पना करा.

विजेचे दिवे तेव्हा नव्हते असं नाही. पण बॅटरी संपली की ती काढून चार्ज करून आणावी लागे. गाडीवरच वीज तयार करायची तर ती इंजिनाच्या वेगावर अवलंबून. जुनी लुना किंवा एम-८० चालवली असेल तर हे लगेच कळेल. अॅक्सिलरेटर पिळला की दिवा मोठा, सोडला की मिणमिणता. वळणावर, जिथे उजेड सगळ्यात जास्त हवा, तिथेच तो कमी.

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंगने या सगळ्याची एक साखळी केली. बॅटरी मोटरला वीज देते, मोटर इंजिन फिरवते. इंजिन चालू झालं की तेच यंत्र उलटं काम करतं, म्हणजे इंजिन त्याला फिरवतं आणि ते वीज तयार करून बॅटरी भरतं. भरलेली बॅटरी ठिणगीला आणि दिव्यांना वीज देते. इंजिन सुरू करताना बॅटरीचे भाग एकापुढे एक जोडले जाऊन २४ व्होल्ट मिळायचे आणि दिव्यांसाठी ६ व्होल्ट. इंजिन हळू चालो की जोरात, दिव्याच्या मागे आता बॅटरीचा आधार होता.

या गाडीसाठी कॅडिलॅकला ब्रिटनची मानाची ड्यूअर ट्रॉफी मिळाली. पुढच्या काही वर्षांत गॅसचे दिवे मोटारींवरून नाहीसे होत गेले.

साठ वर्षं जुनी गाडी, आजचा बल्ब

आता परत आपल्या प्रश्नाकडे येऊ. केटरिंगने दिवा हा सुटा भाग मानला नाही. बॅटरी, चार्जिंग, तार, स्विच आणि शेवटी बल्ब असा तो एकत्र बसवला. हेडलाइट सुधारताना बहुतेक जण नेमकं हेच विसरतात.

१९६२ मध्ये आलेली एमजी बी घ्या. तिच्यात हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीकडून डॅशबोर्डच्या स्विचमधून, मग डिपर स्विचमधून आणि बारीक तारांतून दिव्यापर्यंत जातो. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर मिळून १० अँपिअर घेतात. गंजलेले जोड आणि जुनी तार मिळून ०.१५ ओहम रोध झाला, तरी दीड व्होल्ट वाटेतच जातो. बल्बला मिळतात १०.५ व्होल्ट.

दीड व्होल्ट म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. पण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा खूप वेगाने घसरतो. १२ च्या जागी १०.५ व्होल्ट मिळाले तर उजेड जवळपास दोन तृतीयांशच उरतो. स्वस्तातल्या बारीक केबलने फोन सावकाश चार्ज होतो ना, तोच प्रकार. चार्जर कितीही भारी घ्या, केबल वाटेत व्होल्टेज खाते.

अशा गाडीत ६० च्या ऐवजी १०० वॅटचा बल्ब टाकला तर करंट वाढतो, तारेतली घट वाढते, स्विच तापतो आणि एखाद्या दिवशी वायरिंगमधून धूर निघतो. त्यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे रिले. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड आणि आखूड तार, मध्ये फ्यूज आणि रिले. जुना स्विच फक्त रिलेला इशारा देतो, मोठा करंट त्याच्यातून जातच नाही. बल्ब तोच राहतो आणि उजेड वाढतो.

मग एलईडी? तिच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे. ती बरीच कमी वीज घेते, आणि जुन्या डायनॅमोच्या गाडीत गाडी उभी असताना चार्जिंग जवळपास होतच नाही, त्यामुळे हा मोठा दिलासा असतो. पण दोन गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, १९६७ पर्यंतच्या एमजी बीमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, म्हणजे आजच्या गाडीच्या उलट. तारेच्या बल्बला दिशेशी देणंघेणं नसतं, एलईडीला असतं. उलटी जोडली तर ती पेटणार नाही किंवा जळेल. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. दिव्याचा आरसा आणि काच ही बारीक तारेच्या ठरावीक जागेसाठी बनवलेली असतात. एलईडीची चिप त्या जागेपासून थोडी जरी सरकली, तर उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बसल्या जागेवरून आपल्याला सगळं लख्ख दिसतं आणि समोरचा आंधळा होतो.

डिपर यासाठीच आला. १९२४ मध्ये ओसरामने एकाच बल्बमध्ये दोन तारा असलेला बिलक्स बल्ब आणला, एक तार लांबच्या आणि एक जवळच्या उजेडासाठी. दिवा पुरेसा ताकदवान झाल्यावर तो आवरण्याची सोय करावी लागली. आपल्या मोटार वाहन नियमांतही दिव्याने समोरच्याचे डोळे दिपू नयेत अशी अट आहे. म्हणून एलईडीच घ्यायची असेल तर नुसता बल्ब न घेता, तिच्यासाठीच बनलेला आणि मान्यतेची खूण असलेला अख्खा दिवा घ्या, आणि बसवल्यावर भिंतीसमोर उभी करून त्याची उंची जुळवा.

शेतावर वीज

गाडीवर जमलं ते घरी का नको, असा विचार करून डेल्कोने १९१६ च्या सुमारास डेल्को-लाइट नावाचा संच बाजारात आणला. छोटं पेट्रोल किंवा केरोसीनचं इंजिन, जनरेटर आणि ३२ व्होल्टच्या बॅटऱ्या. शहरात वीज होती, पण अमेरिकेतल्या बहुतेक शेतांपर्यंत तारा पोचल्या नव्हत्या. केटरिंग शेतावर वाढला होता, कंदिलाच्या उजेडात दूध काढणं म्हणजे काय हे त्याला माहीत होतं. लाइनच्या भरवशावर मध्यरात्री ओलीत करायला जाणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही या संचाचं मोल समजावून सांगावं लागणार नाही.

त्यानंतर डेल्को विकली गेली आणि जनरल मोटर्समध्ये सामील झाली. १९२० पासून १९४७ पर्यंत केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता. लवकर वाळणारा गाडीचा रंग आणि रेल्वेसाठी हलकं डिझेल इंजिन यांवर त्याच्या लोकांनी काम केलं. अपयशही आलं. हवेने थंड होणारं तांब्याच्या पट्ट्यांचं इंजिन त्याने फार जीव लावून बनवलं. १९२३ मध्ये ते शेव्हरोलेमध्ये बसवलं, आणि त्या गाड्या कंपनीला परत मागवाव्या लागल्या.

हिशेबाची दुसरी बाजू

इथपर्यंतचा केटरिंग आवडण्यासारखा आहे. पण गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धीच होईल.

बॅटरीची इग्निशन आली तेव्हा इंजिनातल्या ठोक्यांबद्दल तक्रारी येऊ लागल्या. पेट्रोल अवेळी भडकतं म्हणून हा खडखडाट होतो, हे केटरिंगच्या लोकांनी शोधलं. त्याचा सहकारी थॉमस मिजली याने १९२१ मध्ये उपाय काढला: पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग थोडंसं मिसळायचं. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. मिजली स्वतः त्याने आजारी पडला. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या एका कारखान्यात हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले आणि कित्येक आजारी पडले. हे रसायन विकणाऱ्या एथिल कंपनीचा अध्यक्ष तेव्हा केटरिंग होता. विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

दुसरा मार्ग नव्हता असंही नाही. अल्कोहोल मिसळलं तरी ठोके थांबतात, हे याच टोळीने पाहिलं होतं. पण शिशाच्या संयुगाचा चमचाभर पुरायचा आणि त्याचं पेटंट घेता यायचं. अल्कोहोल कोणालाही गाळता येतं. आज आपल्या पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. शंभर वर्षांपूर्वी बाजूला सारलेला तो पर्याय असा फिरून परत आला.

शिसं मात्र मधल्या काळात धुरावाटे जगभरच्या रस्त्यांवर पसरलं. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. भारतात २००० साली शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं. गाड्यांसाठी असं पेट्रोल विकणारा शेवटचा देश होता अल्जीरिया, तिथे ते २०२१ मध्ये थांबलं. फ्रिजमध्ये वापरला जाणारा फ्रिऑन वायूही याच माणसांच्या हातून आला. तो ओझोनचा थर खातो हे कळायला केटरिंगच्या मृत्यूनंतरची अनेक वर्षं गेली. शिशाच्या बाबतीत मात्र तशी सबब देता येत नाही.

शेवटची वर्षं

१९४५ मध्ये केटरिंग आणि जनरल मोटर्सचा आल्फ्रेड स्लोन यांच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये कर्करोगावर संशोधन करणारी संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी ऑलिव्ह वारली. १९४७ मध्ये तो निवृत्त झाला, पण प्रयोग सुटले नाहीत. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनमध्ये त्याचं निधन झालं. त्याच्या नावावर दीडशेहून जास्त पेटंट होती. ओहायोतल्या एका गावाला आणि मिशिगनमधल्या एका इंजिनिअरिंग विद्यापीठाला आज त्याचं नाव आहे.

केटरिंगचं सगळ्यात चांगलं काम त्याने पूर्ण साखळी पाहिली तेव्हा झालं: बॅटरीपासून दिव्यापर्यंत. सगळ्यात वाईट काम झालं ते इंजिनापाशी थांबून, धूर पुढे कोणाच्या नाकात जातो हे सोडून दिल्यावर. हेडलाइटलाही हे लागू पडतं. आपला उजेड वाढला की काम झालं असं समजलं, तर साखळीचा शेवटचा दुवा सुटतो. तो दुवा म्हणजे समोरून येणारा माणूस.

म्हणून नवीन बल्ब मागवण्याआधी एवढं करा. दीडशे-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, हेडलाइट चालू ठेवून आधी बॅटरीवर आणि मग दिव्याच्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा. दोन्हींत एक व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर बल्बवर पैसे घालू नका, तार आणि रिलेवर घाला. आणि दिवा बसवल्यावर मित्राला गाडीवर बसवा, स्वतः पन्नास पावलं पुढे जाऊन रस्त्यात मागे वळून बघा. डिपरवर डोळे मिटावेसे वाटले, तर काम अजून बाकी आहे.